बाईंचं आरोग्यशास्त्र

गेल्या आठवड्यात शाळेची दोन माणसं घरी आली. एक तरुण होता, दुसरा तरुण दिसायच्या खटपटीत होता. शाळेची स्मरणिका निघणार आहे, पहिल्या पानावर बाईंचा फोटो घालायचा आहे, तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात आणि त्यांच्याच हाताखाली शिकवलंतही, तर चार चांगले शब्द लिहून द्या, म्हणाले. मी विचारलं, चारच का? ते हसले. म्हातारी विनय दाखवतेय असं त्यांना वाटलं. चार चांगले शब्द मी आधीच लिहून टाकते, म्हणजे ती कटकट मिटेल. बाई हुशार होत्या, निर्भय होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. आता उरलेलं लिहिते. ते स्मरणिकेत छापणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, मोठ्या शाळाही उर्दू. त्यात परभणीत मराठी मुलींसाठी सातवीपर्यंतची शाळा चालवायची म्हणजे चेष्टा नव्हती. बाईंनी ती चालवली. तालिमातवाले, म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब, तपासणीला यायचे असले की इतर शाळांतले मास्तर आदल्या दिवसापासून घाम पुसत. बाई पुसत नसत. अंगावर पांढरं लुगडं, कपाळ रिकामं, बारा महिने हातात काळी छत्री आणि बोलणं पुण्याचं. तिकडं विधवांच्या शाळेत शिकून आल्या होत्या. आम्ही 'आमी' म्हटलं की छत्रीची मूठ टेबलावर आपटत आणि 'आम्ही' वदवून घेत. गणित असं शिकवायच्या की त्रैराशिक मला अजून झोपेत सुटतं. एवढ्या शिकलेल्या बाई, पण माणसाचं शरीर छातीपाशी थांबतं आणि एकदम घोट्यापाशी सुरू होतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

हे मी पदरचं सांगत नाही. खात्याकडून एकदा शरीराचा मोठा तक्ता आला. फुप्फुसं, काळीज, आतडी, सगळं रंगीत. तो भिंतीवर लागायच्या आधी बाईंनी शिवणाच्या बाईंना बोलावलं आणि त्या कागदी माणसाला खणाचा परकर शिवायला लावला. चांगला काठाचा, घोट्यापर्यंतचा, वर नाडीसुद्धा. तक्त्यातला माणूस पुरुष होता, त्याला मिशा होत्या, पण बाईंना ते चालत होतं. त्या परकर नेसलेल्या बुवाकडं बघत आम्ही शरीरशास्त्र शिकलो. आमच्या माहितीप्रमाणे माणसाला वर फुप्फुसं असतात, खाली घोटे असतात आणि मधे खण असतो.

शाळेसमोर मोकळं मैदान होतं आणि मैदानात गावची कुत्री. भाद्रपदात कुत्र्यांचं जे चालतं ते तिथं चालायचं. बाई महिनाभर त्या बाजूच्या खिडक्या लावून घेत. भाद्रपदातली परभणी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पत्र्याखाली आम्ही उकडून निघायचो. एकदा पाचवीतली एक पोरगी चक्कर येऊन पडली. बाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, तिच्या आईला बोलावून मुलगी अशक्त आहे, तिला दूध देत जा, असं बजावलं. खिडकी काही उघडली नाही. कुत्र्यांना हाकलायला म्हाताऱ्या शिपायाला काठी देऊन मैदानात बसवलं होतं. कुत्री त्याला ओळखून होती.

सहावी-सातवीला आरोग्यशास्त्राचं छोटं पुस्तक होतं. त्यात शेवटी दोन धडे होते, 'गरोदर स्त्रीची निगा' आणि 'बाळाची निगा'. नवी पुस्तकं आली की पहिले दोन दिवस ती कुणाच्या हाती पडत नसत. बाई ती घरी नेत. मैद्याची खळ करत, झुरळं लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घालत, आणि पहिल्या धड्याची सगळी पानं एकमेकांना चिकटवून वर पाटा ठेवत. दुसरा धडा मोकळा. बाळाला कोमट पाण्यानं कसं न्हाऊ घालावं, टाळूवर तेल कसं जिरवावं, हे आम्हाला तोंडपाठ होतं. ते बाळ कुठून आलं याची चौकशी करायची सोय नव्हती. अनुक्रमणिका चिकटवायचं बाईंना सुचलं नाही, म्हणून धड्याचं नाव तरी आम्हाला कळलं.

एका तपासणीत साहेबांनी ते पुस्तक चाळलं. हैदराबादचे गृहस्थ, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. पुठ्ठ्यासारखी झालेली पानं बोटांत धरून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, परभणीची हवा दमट आहे. बाहेर उन्हानं जमीन तडकली होती. साहेबांनी दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं, सगळ्यांची हीच पानं कशी, असं विचारलं. बाईंनी डोळ्याला डोळा भिडवून उत्तर दिलं की हवा सगळीकडे सारखीच आहे. साहेबांनी शेरा उत्तम दिला. निर्भय म्हटलं ते यासाठी.

गोदू बाईंची भाची, त्यांच्या बहिणीची मुलगी. आई लहानपणीच गेली आणि बापानं दुसरं लग्न केलं, तेव्हापासून ती बाईंकडंच होती. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. मी तिच्यापेक्षा अभ्यासात पुढं होते आणि ती माझ्यापेक्षा धीट होती. बाईंची नक्कल ती बाईंच्याच छत्रीनं करायची. सातवीत असताना बाई बाजारात गेल्याचं पाहून आम्ही दोघींनी ते पुस्तक भाताच्या वाफेवर धरलं. पानं सुटतील असं वाटलं होतं. सुटली नाहीत, फाटली. सगळ्या धड्यातली एक ओळ तेवढी हाती लागली: 'असे आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.' काय आढळल्यास, ते दुसऱ्या पानाला चिकटून गेलं होतं. आम्ही महिनाभर त्यावर हसलो. कुणाच्या वेणीत ऊ दिसली की गोदू छत्री आपटून म्हणायची, क्षणाचाही विलंब न लावता! ते 'असे' म्हणजे काय हे मला पुढं कळलं, पण पुस्तकातून नाही.

बाईंना कुणी कधी थेट विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असे. "वेळ आली की कळतं. माशाच्या पिलाला कुणी पोहायला शिकवत नाही." हे वाक्य त्या इतक्या ठसक्यात म्हणत की विचारणारीलाच लाज वाटायची. घरोघरच्या आयाही काही वेगळ्या नव्हत्या. मला पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी मरणार असं मला वाटलं होतं. आईनं एका दमात निकाल लावला: कावळा शिवला, चार दिवस बाजूला बसायचं, कुणाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं. का, कशानं, कधी येतं, कधी येत नाही, काही नाही. रक्त दिसलं की बाजूला बसायचं, हा एवढा एकच नियम आम्हा सगळ्या पोरींना पाठ होता. बाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल आणि त्या ते दडवत असतील, अशी माझी समजूत होती. त्याबद्दल मी त्यांचा रागही करायचे आणि मनातून त्यांना मानायचेही.

बाई अकराव्या वर्षी विधवा झालेल्या. नवऱ्याला दोनदा पाहिलं होतं, त्यातलं एकदा अंतरपाटापलीकडून, असं माझी आई सांगायची. त्यांची मला कीव येते. तेव्हाही येत होती. पण कीव आली म्हणून सगळं धुऊन निघतं, असं मला वाटत नाही.

गोदूचं लग्न ठरलं ते पाथरीच्या एका शेतीवाडीच्या घरात. माणसं सरळ होती, नवरा मितभाषी. लग्नाच्या आदल्या दिवशी गोदूनं बाईंना एकटं गाठून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते तिनं मला सांगितलं नाही, पण बाईंनी त्यावर काय दिलं ते दाखवलं. एक स्तोत्रांचं पुस्तक आणि नवी छत्री. मग ती मला म्हणाली, तुला काही माहीत आहे का गं? मी हुशार ना वर्गात. मला मंगळ होता, माझं लग्न कुठं जुळतच नव्हतं, आणि बाईंनी मला शाळेत पहिली-दुसरीच्या मुलींना शिकवायला घेतलं होतं. मी मास्तरीण झाले होते, तेव्हा माहीत नाही असं म्हणणं मला जड गेलं. मी म्हणाले, वेळ आली की कळतं.

एकोणिसाव्या वर्षी गोदू पहिल्या बाळंतपणाला आली. माहेर म्हणजे बाईंचंच घर. सासऱ्यांनी सातव्या महिन्यात स्वतः गाडीतून आणून पोचवली. बाईंना आनंद झाला होता, हे मी नाकारत नाही. पण त्या आनंदाचीही त्यांना लाज वाटत होती. बाईंच्या गल्लीतून शाळेच्या मुली जायच्या, त्यांच्या नजरेला गोदूचं पोट पडू नये म्हणून तिला दारात बसायची बंदी झाली. शेजारणी आल्या तर बाई त्यांना ओसरीतूनच परत लावत. उन्हं तापायला लागली तरी गोदूच्या अंगावर शाल. वर्गात मुलींनी विचारलं तर गोदूला जरा बरं नाही, असं सांगायचं. दिवस गेलेत म्हणायला जीभ रेटायची नाही. एखादी बाई गरोदर असणं हा गावात पसरू नये असा आजार आहे, असं त्या वागत होत्या.

त्या घरात रोज येणारं माणूस एकच होतं. भागाबाई धनगरीण. गावाबाहेर तिचा मेंढवाडा होता, ती सकाळी शेळीचं दूध घालायची. बाईंचं आणि तिचं जमायचं नाही, कारण भागाबाई दारात उभी राहून कुठली शेळी गाभण आहे, कुठली आडली, कुणाचं पिलू पायाळू आलं, हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची. बाईंनी तिला ताकीद दिली होती की शेळी गाभण असली तर शेळी अशक्त आहे असं म्हणायचं. भागाबाई म्हणाली, अशक्त शेळीचं दूध इकलं तर लोक मारतील मला.

माघ संपत आला होता. आईनं कवठाची चटणी केली होती, गोदूला आवडते म्हणून शाळा सुटल्यावर मी वाटीभर घेऊन गेले. बाई आतल्या खोलीत देवाचं करत होत्या, मी मागच्या दारानंच गेले. गोदू मागल्या पडवीत, कोपऱ्यात, गोणपाटावर बसलेली. शेजारी तिचा वेगळा तांब्या, वेगळं ताट. म्हणजे बाजूला बसली होती. कालपासून, म्हणाली. चेहरा जरा ओढलेला दिसला. दुखत काही नाही, नुसतं जातंय, म्हणाली. वाटी घ्यायला तिनं हात पुढं केला. मी वाटी जमिनीवर ठेवली आणि लांबूनच सरकवली. दुसऱ्या दिवशी मला शाळा होती, शिवाशिव झाली असती तर संध्याकाळी पुन्हा आंघोळ करावी लागली असती.

तिनं बोटानं चटणी चाटली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, दिवस गेल्यावर हे येत नसतं. मावशी म्हणते, येतं कधीकधी."

मी म्हणाले, "असेल."

एवढंच बोलून मी पदर सावरून निघाले. वाटेत माझ्या मनात काही आलं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. आलं होतं. काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं. पण बाई घरात होत्या, बाईंना कळत असणार, अशी मी माझी समजूत घातली. सरकारी दवाखाना तिथून तीन हाकांवर होता आणि तिथं हैदराबादहून आलेली डॉक्टरीण होती.

तिसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या शाळेत आल्या. वेळेच्या पक्क्या. गोदूला पडवीत बसवून, तिच्याजवळ पाणी ठेवून, दार ओढून आल्या होत्या. सातवीला काळ-काम-वेगाचं गणित चाललं होतं, मी शेजारच्या वर्गात होते, मधे नुसता तट्ट्याचा पडदा. दहाच्या सुमाराला भागाबाई दुधाची चरवी तशीच डोक्यावर घेऊन थेट बाईंच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमची लेक लय गळायलीय. लुगडं भिजलंय सगळं. चला."

बाई म्हणाल्या, "हळू बोल. इथं मुली आहेत."

"पोरी हायत म्हणूनच सांगायलेय. त्यांच्यावर बी हीच येळ येणार हाय."

बाईंनी तिला बाहेर नेलं. त्यांचा आवाज खाली होता, तरी मला पडद्यातून ऐकू आला. ती बाजूला बसली आहे, उद्या ठीक होईल, आपण घरी गेल्यावर बोलू, घंटा होऊ दे. भागाबाईनं आवाज खाली घेतला नाही. पोटुशीला कुठली पाळी, म्हणाली. माझ्या शेळीचं एवढं रगत गेलं असतं तर मी तिला खांद्यावर घालून पळाले असते. घंटा कसली बघता? आणि उत्तराची वाट न बघता ती टांगा बघायला धावत सुटली.

बाई वर्गात परत आल्या. खडू उचलला. पाच गडी एक विहीर आठ दिवसांत खणतात, इथवर फळ्यावर होतं. पुढं त्यांनी 'तर' लिहिलं आणि तिथंच थांबल्या. मुली बघत होत्या. मग त्यांनी खडू ठेवला आणि चालू वर्गातून निघून गेल्या. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. छत्री टेबलावरच राहिली. मी माझ्या वर्गाला गप्प बसा म्हणून सांगून त्यांच्या मागं पळाले.

आम्ही पोचलो तेव्हा टांगा दारात होता. गोणपाट काळं पडलं होतं. गोदूचा चेहरा पांढराफटक. भागाबाईनं तिला काखेतून धरलं, टांगेवाल्या चाचांनी पायाकडून, आणि दोघांनी उचलली. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी हात पुढं केला होता. तो तसाच हवेत थांबला, पुढं गेला नाही. लेकीसारख्या पोरीचा जीव जातोय आणि ही बाई विटाळ सांभाळते आहे, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मागच्या बैठकीवर गोदूला आडवी घातल्यावर तिला न शिवता बसायला जागा नव्हती. तेव्हा बाई पुढं, टांगेवाल्याच्या शेजारी जाऊन बसल्या. परपुरुषाशेजारी आयुष्यात पहिल्यांदा बसल्या असतील.

मी गोदूचा हात धरला. तो गार होता. ती डोळे उघडून म्हणाली, "शिवू नको गं. शाळा आहे ना तुला, न्हावं लागेल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला बघताक्षणी आत घ्यायला लावलं. हात धुताधुता त्यांनी बाईंना विचारलं, "कितने दिन से है ये?"

बाईंनी वर्गात उत्तर द्यावं तसं सरळ उभं राहून उत्तर दिलं. "आज तिसरा. उद्या न्हाईल."

डॉक्टरीणबाईंना मराठी थोडं येत होतं. त्यांनी बाईंकडं एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या. मूल आधीच गेलेलं होतं. गोदू उन्हं उतरायच्या आत गेली. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई बाईंशी नाही, माझ्याशी बोलल्या. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी होती, म्हणाल्या, अशात रक्त जातं, दुखत नाही, म्हणून बायकांना कळत नाही. पहिल्या दिवशी आणली असती तर इथं निजवून ठेवली असती, नाहीतर रेल्वेनं हैदराबादला पाठवली असती. दोन दिवस तिला बसवून का ठेवलं, एवढं मला सांग, म्हणाल्या. मी सांगितलं नाही. सांगायला मला शब्दच येत नव्हते, मराठीतही नाही.

पुढच्या वर्षी नवी पुस्तकं आली तेव्हा बाईंनी खळ केली नाही. धडाही शिकवला नाही. घरी वाचा, असं मुलींना सांगितलं आणि बाळाच्या निगेकडं वळल्या. लोकांना त्यातही त्यांचा मोठेपणा दिसला. तक्त्यावरचा परकर मी एका सुट्टीच्या दिवशी कात्रीनं उसवून काढला, बाईंनी तो पुन्हा शिवायला लावला नाही, आणि आम्ही दोघींनी त्याबद्दल एकमेकींना एक अक्षर विचारलं नाही. पुढं मी सातवीला शिकवू लागले तेव्हा तो धडा मोठ्यानं, खिडक्या उघड्या टाकून शिकवला. पालकांनी तक्रारी केल्या. त्या मी ऐकून घेतल्या आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा शिकवला. पण हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही. का नाही, ते कळायला गोदू गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी, बाईंच्या अंगणात परत जावं लागेल.

तिला घरी आणली होती. पाथरीची माणसं रातोरात आली. सकाळी बायकांनी तिला न्हाऊ घातलं. चौथा दिवस होता. भटजी दर्भ घेऊन अंगणात उभे होते आणि त्यांची एक अडचण झाली होती. ही बाजूला बसलेली होती असं गल्लीत म्हणतात, आणि दवाखान्यात मूल काढलं असंही म्हणतात. विटाळशी गेली तर तिचा विधी वेगळा, बाळंतीण गेली तर तिचा वेगळा. मी कुठला करू? त्यांनी हे सगळ्यांदेखत विचारलं. अंगणात सासरा होता, नवरा होता, गल्लीतली माणसं होती, आणि भिंतीला लागून शाळेच्या सातवीच्या मुली आल्या होत्या. भागाबाई फाटकाबाहेर बसून होती, तिला कुणी आत घेतलं नव्हतं. गोदूचा सासरा बाईंकडं वळून म्हणाला, तुमीच सांगा बाई, तुमाला ठावं. आमी तर भरवशानं ठेवली होती.

मला वाटलं आता बाई हवेवर ढकलतील. दैवावर ढकलतील. कुणीतरी तेवढ्यात नशीब एकेकीचं असं म्हणालंही.

बाई पायरीवरून खाली आल्या. मुलींकडं पाहिलं, मग भटजींकडं.

"ती विटाळशी नव्हती," त्या म्हणाल्या. "गरोदर बाईला ते येत नाही. रक्त दिसलं तेव्हाच तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी तिला गोणपाटावर बसवली. मला ठाऊक नव्हतं. आणि पहिले दोन दिवस मी सोडून कुणी तिला पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर सांगितलं असतं कुणीतरी."

भटजी म्हणाले, म्हणजे बाळंतिणीचा, आणि खाली बसून तयारीला लागले. नवरा रडायला लागला. भागाबाईनं तोंडात पदर धरला.

बाईंनी जन्मभर जे केलं त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांच्या फोटोला हारही घालणार नाही. पण तेवढं बोलायला लागतं ते काळीज त्यांच्याकडं होतं. मी त्या मुलींच्या पुढं, बाईंपासून चार हातांवर उभी होते. कुणीतरी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी, कवठाची वाटी घेऊन गेलेलीनं. ती 'असेल' म्हणाली होती. बाई म्हणाल्या कुणी पाहिलं नाही, आणि मी मान खाली घालून उभी राहिले, बाई जिवंत होत्या तोवर तशीच राहिले, आणि हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.